अश्रूंच्या आड राहिलेला कथाकार

साने गुरुजी म्हणजे ‘श्यामची आई’ आणि अश्रू, हे समीकरण आपल्या समीक्षेने फार सोयीने स्वीकारले. मुलांसाठी कल्पित कथा सांगणारे गुरुजी त्यामागे झाकले गेले. 1924 साली ते अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे छात्रालयातील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढू लागले. वाचक डोळ्यांसमोर, आणि उद्याचा अंक अटळ! त्यांच्या कथनाची खरी शाळा हीच. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने त्यांनी टिपली. बोलते वाक्य कागदावर जिवंत ठेवणारा तोच हात.

‘मनूबाबा’ ही कथा जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’वरून घेतलेली. खोट्या आळामुळे आपल्या धर्मबांधवांतून तुटलेला विणकर सोन्यात जीव गुंतवतो. ते सोने चोरीस जाते आणि त्याच्या दारी एक पोर येते. परीकथेला शोभणारा हा चमत्कार गुरुजींनी जपला. एलियटची तिरकस, संयत नजर मात्र रूपांतरात उतरली नाही. निवेदक उपदेशाकडे वळतो, की कथा खोळंबते. तरीही अंमळनेरच्या मुलांना हा विणकर परका वाटला नसावा. त्यांच्या गावात गिरणीचा भोंगा रोजच वाजत होता.