मनुका जिवंत असते का?

परासरण शिकवताना वर्गात हमखास होणारा प्रयोग मनुकांचा. एनसीईआरटीच्या २००६ सालच्या नववीच्या विज्ञान पुस्तकातही तो आहे. मनुका साध्या पाण्यात फुगते, साखरेच्या दाट द्रावणात आक्रसते. त्याच प्रकरणात ऱ्हिओच्या पानांचाही प्रयोग आहे. उकळून मारलेल्या पानातल्या पेशी द्रावणाला दाद देत नाहीत. म्हणून परासरणाने पाणी घेणे जिवंत पेशींनाच जमते, असा निष्कर्ष पुस्तक काढते. मग एखाद्या मुलीने विचारले, "सर, मनुका जिवंत असते का?" तर काय सांगायचे? पुस्तक गप्प आहे.

मनुका जिवंत नसते. द्राक्ष वाळताना पेशींची पटले बहुतेक फाटलेली असतात. साल साखरेला काही काळ थोपवते, इतकेच. मनुका रात्रभर भिजवून ते पाणी आपल्याकडे पितात. ते गोड लागते. पटले शाबूत असती तर साखर अशी बाहेर आली नसती. पाणी चाखून पाहणे हाच या प्रयोगाचा बोलका भाग, आणि नेमका तोच गाळलेला आहे.

मनुकेवरून मुले एक सोपा नियम उचलतात: बाहेर मीठ-साखर असली की पाणी बाहेर जाणार. मावळातल्या शाळेत हा नियम लगेच अडतो. पेरणीआधी भाताचे बी मिठाच्या पाण्यात टाकतात, १० लिटरला ३०० ग्रॅम मीठ. पोकळ दाणे तरंगतात, ते काढायचे. तळाचे धुऊन सावलीत सुकवायचे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेल्या इंद्रायणीचा दाणा या पाण्यात आक्रसत नाही, उलट थोडे पाणी शोषतो. त्या द्रावणाचा परासरण दाब सुमारे २५ वातावरण. कोरडा दाणा मात्र शेकडो वातावरणांच्या जोराने पाणी ओढतो. तेच पाणी उगवलेल्या रोपाला घातले तर रोप कोमेजते. म्हणजे प्रश्न मीठ आहे की नाही हा नसून दोन्ही बाजूंच्या ओढीतल्या फरकाचा आहे.

पटलात पाण्यासाठी प्रथिनांच्या खास वाटा असतात. त्यांच्या शोधाबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ साली नोबेल मिळाले. पुस्तकात हे नाही, याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार क्रमाची आहे. आम्ही ऱ्हिओपासून सुरुवात केली असती. लोणावळ्याच्या बागांतून हे झाड सहज मिळेल. सूक्ष्मदर्शक नसेल तर बिटाच्या चकत्या धुऊन एक गार आणि एक कढत पाण्यात ठेवावी, आणि कुठल्या पाण्याला रंग चढतो ते मुलांनाच पाहू द्यावे. मनुका त्यानंतर.