गाऱ्हाणे घालणारा भरवसा

बेळगावात आमच्या गल्लीच्या टोकाला एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. त्या घरचा कर्ता मुलगा अपघातात गेला. दफनानंतरच्या रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे प्रार्थना होती, आणि गल्लीतली आम्ही चार-पाच माणसे जाऊन बसलो होतो. नातवंडांपैकी एक कन्नड शाळेत, एक इंग्रजी शाळेत. पाळकसाहेब येणाऱ्या-जाणाऱ्यांशी तिन्ही भाषांत बोलत होते. पण पेटीवर सूर धरला गेला आणि आजींनी गीत उचलले ते मराठीत. भेटायला आलेला प्रत्येक जण ‘देवाची इच्छा’ म्हणून उठत होता. आजी नुसती मान हलवीत होत्या. त्या बोलल्या फक्त गीतात, आणि गीतात त्या देवाला जाब विचारीत होत्या.

संकटात देवावर भरवसा ठेवणे म्हणजे गप्प राहणे, अशी आपली एक समजूत असते. मराठीतले ख्रिस्ती भक्तिसाहित्य वाचताना ती वारंवार खोटी ठरते. आपल्या कोकण-गोव्याकडे देवासमोर गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. गाऱ्हाणे आपण परक्याकडे नेत नाही. जो ऐकणार अशी खात्री असते, त्याच्याकडेच नेतो. या साहित्यातला भरवसा जिथे खरा उतरला आहे, तिथे तो असा गाऱ्हाणे घालणारा आहे, असे मला वाटते.

आरंभ अर्थातच ‘क्रिस्तपुराणा’पासून करावा लागतो. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे हे सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. आपण सीमाभागातली माणसे या ग्रंथाचा उल्लेख बहुधा एकाच कारणासाठी करतो. त्यातली मराठीची स्तुती आपल्याला पाठ असते आणि भाषेच्या सभेत ती हमखास ऐकू येते. बाकीचा ग्रंथ मात्र कपाटात राहतो. तो ज्या गरजेतून जन्मला ती गरज भाषेच्या अभिमानाची नव्हती. ती सांत्वनाची होती.

ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग पाहा. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे काही का देत नाही? हा प्रश्न साधा नाही. साष्टीतली देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. त्या मुलखातली माणसे मोडलेल्या घरातून नव्या घरात आली होती आणि संध्याकाळी ऐकायला त्यांच्याजवळ कथा उरली नव्हती. ज्या सत्तेने जुनी कथा हिरावली, तिच्याच छत्राखाली नवी कथा लिहिली गेली. हा विरोध ‘क्रिस्तपुराणा’च्या मुळाशीच आहे आणि ग्रंथाचे कौतुक करताना तो लपवू नये.

तरीही ग्रंथ टिकला, कारण स्टीफन्स यांनी श्रोत्यांच्या हाती उपदेशाबरोबर ओवीही दिली. परमेश्वर, वैकुंठ हे त्यांचेच शब्द त्यांना परत दिले. ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या आणि मरणाच्या भागात त्याचे मोल विशेष कळते. तिथे ओवीची संथ लय रडायला अवकाश देते. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडावी असा हुकूम काढला. पुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या होत्या, पण त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. ग्रंथ राहिला तो लोकांनी हाताने उतरून घेतला म्हणून. अशा हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला, आणि देवनागरीत तो शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये आणला. प्रार्थनेचा ग्रंथ हुकुमापेक्षा अधिक टिकतो, हे दोन भाषांच्या सांध्यावर राहणाऱ्या आपल्याला वेगळे सांगायला नको.

स्टीफन्स यांच्या पुराणात श्रोता ऐकतो. तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या गीतांत तो स्वतः बोलू लागला. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. हे वाक्य पुष्कळदा सुंदर उद्गार म्हणून सांगितले जाते. माझ्या मते ते टिळकांच्या काव्यरीतीचे वर्णनही आहे. तुकोबांनी दुष्काळात माणसे गमावली, आणि पुढे ते विठोबाशी भांडले, रुसले, त्याला नाही नाही ते बोलले. जनाबाईनेही त्याला सोडले नाही. ‘तू’ म्हणण्याचा हा हक्क टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत आणला. मिशनऱ्यांच्या इंग्रजी चालींवर बसवलेल्या गीतांत देव उंच आसनावर असे. टिळकांच्या अभंगांत ख्रिस्त आई आणि गुरू एकाच वेळी होतो, आणि आईजवळ हट्ट चालतो. आजही मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त टिळकांची गीते जागोजाग आहेत.

टिळकांची सगळीच गीते सारख्या तोलाची आहेत असे नाही. कित्येक ठिकाणी दुःखाचे नाव निघते न निघते तोच सांत्वन येऊन बसते. गोडवा जास्त होतो आणि गाणाऱ्याच्या घशातला आवंढा तसाच राहतो. जिथे ते थांबतात, न समजल्याची कबुली देतात, तिथे त्यांचा अभंग तुकोबांच्या अंगणात उभा राहतो.

टिळकांच्या भरवशाची खरी परीक्षा त्यांच्या गीतांत सापडत नाही. ती लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आपण विनोदासाठी वाचतो, आणि तो विनोद अस्सल आहेच. पण एकदा ते देवावरील भरवशाचा हिशेब म्हणून वाचून पाहावे. नवरा धर्म बदलतो, आणि बायको लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आधाराने वर्षे काढते. पुढे ती त्याच्याकडे येते, सोवळ्याओवळ्याच्या जाळ्यातून स्वतःच्या विचाराने सुटते, आणि १९०० मध्ये स्वतःही बाप्तिस्मा घेते. घरात अनाथ मुले येतात. प्लेगच्या दिवसांत ती आजाऱ्यांची सेवा करते. टिळकांना उद्याची चिंता नसे. हाती असेल ते ते देऊन टाकीत. भरवसा देवावर आणि चूल लक्ष्मीबाईंवर, असा तो संसार होता.

पुरुषाच्या श्रद्धेचा खर्च घरातली बाई भरते, हे सत्य आपल्या संतचरित्रांत आवलीच्या रूपाने ओझरते येऊन जाते. इथे आवलीच लिहायला बसली आहे. ती नवऱ्याच्या श्रद्धेची चेष्टा करते, तिच्यावर चिडते आणि शेवटी त्याच श्रद्धेत स्वतःच्या पायांनी चालत येते. या क्रमात एकही पायरी गाळलेली नाही, म्हणून शेवटचा भरवसा आपल्याला पटतो. देवाने सारे चांगलेच केले, असा निकाल देण्याची घाई त्या करीत नाहीत. घडले ते सांगतात आणि पुढच्या कामाला लागतात.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. मागे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. लग्नानंतर अक्षर गिरवायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि त्याचा मोठा भाग लिहिला. १९३६ मध्ये त्याही गेल्या. मुलगा देवदत्त याने उरलेला भाग पुरा केला, आणि १९३८ मध्ये ग्रंथ बाहेर आला. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायना’ची ओवी ‘स्मृतिचित्रां’च्या गद्याइतकी जिवंत नाही. पण एकाच्या हातून सुटलेले काम दुसऱ्याने उचलावे आणि तिसऱ्याने संपवावे, यातही उपासना आहेच.

अलीकडच्या गीतांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. की-बोर्डवर बसवलेली, हिंदी-इंग्रजीवरून उतरवलेली गीते आता घरोघर गायली जातात. तरुण मुले त्यांत रमतात, आणि त्यांच्या उत्साहाला नावे ठेवण्याचे कारण नाही. तक्रार एवढीच की त्यांतल्या बहुतेकांत पहिल्या कडव्यातच विजय झालेला असतो. खुद्द पवित्र शास्त्र इतके घाईत नाही. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे विलापाची आहेत. बाविसावे स्तोत्र टाहोने सुरू होते, मग कुठे स्तुतीकडे वळते, आणि वधस्तंभावरून ख्रिस्ताने त्याचाच आरंभ उच्चारला. अठ्ठ्याऐंशीवे तर वळतही नाही, ते अंधारातच संपते. तरीही ते शास्त्रात ठेवले गेले, कारण तो अंधारही देवालाच सांगितलेला आहे. ईयोबाचे मित्र देवाची बाजू घेऊन बोलले आणि शेवटी देवाने दोष त्यांनाच दिला. जाब विचारणाऱ्या ईयोबाला दिला नाही.

‘देवाची इच्छा’ हे शब्द दुःख झालेल्याने स्वतः उच्चारले तर ती श्रद्धा असते. तेच भेटायला आलेल्याने उच्चारले तर ते बहुधा विषय मिटवण्यासाठी असतात. चांगल्या उपासनागीताने विषय मिटवू नये. रडणाऱ्याला शब्द द्यावेत आणि त्याच्याबरोबर थांबावे. या कसोटीला ‘क्रिस्तपुराणा’तला दुःखभाग, टिळकांचे निवडक अभंग आणि लक्ष्मीबाईंचे गद्य उतरते. ती मराठी वाचकांची सर्वांचीच मत्ता आहे, एका धर्माच्या कपाटात तिला कोंडून ठेवू नये.

त्या संध्याकाळी प्रार्थना संपल्यावर आजींनी गायनपुस्तक मिटले आणि इंग्रजी शाळेतल्या नातवाच्या हातात दिले. त्याला मराठी अक्षर जुळवून जुळवून वाचावे लागत होते. दुसऱ्या दिवशी मी तिकडून जात होतो, तर तो ओट्यावर बसून तेच गीत बोट ठेवून वाचत होता, आणि आजी आतून त्याचे उच्चार सुधारीत होत्या.