मुंबईच्या वारसा-नियमांतील एक क्रियापद

गिरगावातील खोताची वाडी दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी लाकडी सज्जांची व बाहेरून जिने असलेली घरे बांधली. एकेकाळी ती 65 होती असे सांगतात. आज निम्मीही उरलेली नाहीत. 1995 साली मुंबईचे वारसा-नियम झाले, वाडीची गणना संरक्षित परिसरांत झाली, आणि तरीही घरे पडतच राहिली. याचे कारण बांधकाम करणारांच्या लोभात शोधण्याची रीत आहे. लोभ आहेच, परंतु आमच्या मते नियमांचा पाठ आधी तपासावयास हवा.

आम्ही आयुष्यभर संस्कृत शिकविले. वाक्य हाती येताच क्रियापद पाहण्याची खोड आता जावयाची नाही. घरात फेरफार करण्यापूर्वी आयुक्तांची परवानगी घेतलीच पाहिजे, उपकर नसलेल्या इमारतीची दुरुस्ती मालकाने वा पट्टेदाराने स्वतः केली पाहिजे, ही सर्व विधिवाक्ये होत. दुरुस्तीच्या साहाय्यार्थ निधीचे कलम येते तेव्हा मात्र इंग्रजी पाठ तो 'निर्माण करता येईल' इतकेच म्हणतो. पहिली आज्ञा, दुसरी केवळ अनुज्ञा!

मिताक्षरेप्रमाणे पुत्राचे स्वत्व जन्मतःच उत्पन्न होते, म्हणून पिता वडिलार्जित स्थावर मन मानेल तसे विकू शकत नाही. वारसा-नियमांनी नगरास असेच सहभागी केले, व ते आम्हास तत्त्वतः मान्य आहे. परंतु मिताक्षरेतील पुत्रावर पित्याचे ऋण फेडण्याचेही बंधन असते. येथील नव्या दायादाकडे केवळ नकाराधिकार आहे.

गमावलेल्या बांधकामाबद्दल हस्तांतरणीय विकासहक्काची तरतूद नियमांत होती, हे न सांगणे अन्यायाचे होईल. पण ज्याच्या घरात जुने भाडेकरू आहेत त्याची स्थिती निराळी. 1947 च्या कायद्याने भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या दरास जखडले. 1999 च्या कायद्याने वर्षास शेकडा 4 वाढ दिली, तीही त्याच क्षुल्लक रकमेवर. त्यातून सागवानी कठडा कसा बदलावा?

जमिनीची किंमत वाढली, ती मालकासच लाभली, असा आक्षेप येईल. ती किंमत हाती येते घर विकल्यावर किंवा पाडल्यावर. राहत्या घराचा वासा कुजला असता तिचा उपयोग नाही.