पाठभेद : दोष की साक्ष?

शोपँने १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पियानो-प्रेल्यूडांपैकी विसाव्यात, तिसऱ्या खंडाच्या अखेरीस गंधार शुद्ध की कोमल, हा वाद जुना आहे. हस्तलिखितात व आद्य आवृत्त्यांत कोमलचिन्ह नाही. एका शिष्येच्या छापील प्रतीत ते हाताने घातलेले आढळते. येथे निदान रचनाकाराच्या हयातीतील साक्ष उपलब्ध आहे. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रतच हरवली; स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला आणि पिढीपाठ निर्माण झाले. वि. भि. कोलते यांच्या १९७८च्या आवृत्तीनंतरही प्रश्न उरतोच. निरनिराळ्या पाठांतील ‘सरस’ वाक्ये वेचून संहिता घडविली, तर परंपरेत कोणीही न वाचलेला ग्रंथ हाती येईल. संपादकाने निवड अवश्य करावी. मात्र नाकारलेला पाठ तळटीपेत शाबूत ठेवावा. कारण स्मरणाश्रयी ग्रंथात पाठभेद हाच परंपरेचा इतिहास असतो.