गंजाची साक्ष

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ड्युएल’ हा चित्रपट १९७१ साली अमेरिकेत दूरचित्रवाणीसाठी निघाला. एक गंजका तेलवाहू ट्रक एका साध्या मोटारवाल्याचा पिच्छा पुरवितो, एवढीच कथा. चालकाचा चेहरा प्रेक्षकांस शेवटपर्यंत दिसत नाही. जो काही अभिनय करावयाचा तो ट्रकनेच. आमच्या एका स्नेह्यांनी या ट्रकची टेबलावर ठेवण्याजोगी प्रतिकृती केली आहे व तिजवर अभिप्राय मागितला आहे. तो देणे आम्हांस प्राप्त आहे.

चित्रपटातील ट्रक पीटरबिल्ट कंपनीचा, २८१ क्रमांकाचा, चिंचोळ्या नाकाचा. ए.एम.टी.चे प्रसिद्ध किट आहे ते ३५९ चे, रुंद रेडिएटरचे. तेव्हा नाक कापून अरुंद करणे आले. चाके इटालेरीच्या किटातली, टाकी तिसऱ्याच ठिकाणची. त्यात प्रमाणाचा घोळ: एक किट एकास पंचवीस, दुसरे एकास चोवीस. मीटरभर व्यासाचे चाक एका हिशेबाने ४० मिलिमीटर भरते, दुसऱ्याने जवळजवळ ४२. सगळी चाके एकाच पेटीतून घेतल्यामुळे हा फरक डोळ्यांस जाणवत नाही. पंडित मोजपट्टी घेऊन धावतील. आम्ही धावणार नाही. रस्त्यावर वर्षे काढलेल्या ट्रकास तरी आपले सर्व अवयव जन्मतःचे कोठे असतात?

आमचा आक्षेप गंजाविषयी आहे. खाली गंजाचा रंग, त्यावर केसांवर मारावयाच्या फवाऱ्याचा थर, त्यावर वरचा रंग, आणि तो ओल्या कुंचल्याने खरवडणे ही रीत स्नेह्यांस उत्तम साधली आहे. दाराखालच्या पायरीवर रंग उडाला आहे, कारण तेथे बूट पडतो. धुराड्यामागे काजळी आहे. देवळात समईवरची भिंत ज्यांनी निरखली आहे त्यांस काजळी कोठे धरते हे सांगावयास नको. परंतु टाकीवर मात्र गंज सर्वत्र सारखा, जणू शिंपडलेला. पाणी शिवणीत साठते, कडेवरून ओघळते. गंजही त्याच वाटेने जावयास हवा.

पुराव्याच्या कायद्यात तीस वर्षांचा दस्त योग्य ताब्यातून आला, तर त्यावरील सही खरी मानण्याची न्यायालयास मुभा आहे. नुसता पिवळा कागद पुरत नाही. तो कोठून आला हेही पाहिले जाते. प्रतिकृतीचा गंज हीच सवलत मागत असतो, आणि म्हणून त्यानेही आपला ठावठिकाणा सांगितला पाहिजे.

सर्वांत मोठी चूक पुढच्या बंपरवर आहे. चित्रपटात तेथे निरनिराळ्या राज्यांच्या नंबरपाट्या आहेत, आणि हे या चालकाचे पूर्वीचे बळी असावेत, अशी शंका प्रेक्षकाच्या मनात उभी राहते. चित्रपट ती उच्चारीत नाही, पाट्याच बोलतात. स्नेह्यांनी सर्व पाट्या एकाच दिवशी, एकाच रंगाने मळविल्या. त्यामुळे त्या एकदम विकत आणल्यासारख्या दिसतात, आणि खुनांची मालिका पुसली जाते. पहिली पाटी खाल्लेली हवी, शेवटची जवळजवळ नवी.

हे ऐकून स्नेही प्रथम रागावले. नंतर त्यांनी पाट्या उचकटल्या. कोणती आधी, कोणती मागाहून हे ठरविण्यास येत्या रविवारी चित्रपट पुन्हा पाहावयाचा आहे.