आराखडा आणि अपूर्वता

१

लेख लिहिण्यापूर्वी त्याचा आराखडा करावा, ही शिकवण काही नवी नव्हे. शाळेत निबंधासाठी ‘मुद्दे’ देण्याची पद्धत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आणि त्या मुद्द्यांच्या खुंट्यांवर वाक्ये टांगीत ज्याला निबंध पुरा करता आला तो हुशार विद्यार्थी, असेही आपण मानीत आलो आहोत. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लेखनाच्या बाजारात आराखड्याचा एक निराळाच प्रकार रूढ झाला आहे. हा आराखडा लेखकाच्या मनातील विचाराला क्रम लावण्यासाठी नसतो. गूगलसारख्या सर्च इंजिनच्या निकालांत आपल्या ब्लॉगवरील लेख वरच्या जागी यावा, यासाठी असतो.

ही एक धंद्याची क्लृप्ती आहे, वाङ्मयाच्या अभ्यासकाने तिच्याकडे कशाला पाहावे, असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. पाककृतीपासून कायद्यापर्यंत आणि आजारापासून तीर्थयात्रेपर्यंत, सामान्य माणूस गरजेपोटी जे मराठी गद्य आज वाचतो, त्यातील बरेचसे या साच्यातून बाहेर पडते. कादंबरीच्या घाटाची आपण एवढी चिकित्सा करतो. मग रोजच्या वापरातल्या या गद्याचा घाट कोण ठरवितो आणि कशावरून ठरवितो, हे विचारण्यात अप्रस्तुत असे काही नाही.

हा आराखडा तयार कसा होतो ते प्रथम पाहू. आखणारा आधी एक शोधशब्द निवडतो. धंद्याच्या भाषेत ‘कीवर्ड’. महिन्याकाठी किती लोक तो शब्द शोधतात याचा अंदाज देणारी साधने मिळतात, त्यांतून तो पारखून घेतला जातो. मग तोच शब्द गूगलमध्ये घालून पहिली दहा पाने उघडावयाची, त्यांचे मथळे आणि उपमथळे उतरवून घ्यावयाचे, निकालांच्या मध्येच लोकांचे जे आणखी प्रश्न दिसतात त्यांची भर घालावयाची, आणि या सर्वांची एक उतरंड रचून प्रत्येक मथळ्यासमोर शब्दसंख्या लिहावयाची. एकूण शब्दसंख्या प्रतिस्पर्ध्यांपेक्षा थोडी अधिक ठेवावयाची. एवढे झाले की ती यादी लेखकाच्या हाती पडते. म्हणजे लेखकाला काही सुचण्यापूर्वीच लेखाचे मुद्दे ठरलेले असतात. आणि ते ठरविणाऱ्याने विषयाकडे नव्हे, तर विषयावरील दहा लेखांकडे पाहिलेले असते.

२

या पद्धतीला नुसती नाके मुरडणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी ग्रंथारंभी चार गोष्टी स्पष्ट कराव्यात असा दंडक घातला होता: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. याला अनुबंधचतुष्टय म्हणतात. ग्रंथ कशाविषयी आहे, त्याचा उपयोग काय, त्या दोहोंचे नाते कोणते, आणि तो वाचण्याला पात्र कोण, या चार प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय ग्रंथकाराने पुढे पाऊल टाकू नये, असा त्याचा अर्थ. सर्च इंजिनसाठी आराखडा करणारा चांगला माणूस, नकळत का होईना, याच चार प्रश्नांपाशी येतो. शोधणाऱ्याचा हेतू काय, तो शिकू पाहतो की विकत घेऊ पाहतो, त्याला आधी किती ठाऊक आहे, याचा विचार केल्यावाचून त्याची यादी नीट उतरत नाही. ‘अधिकारी’ कोण याचा एवढा विचार आपल्या कित्येक नामवंत निबंधकारांनीही केलेला नाही.

शिवाय शोधशब्द हा वाचकाचा स्वतःचा उद्गार असतो. माणूस चारचौघांत जे विचारायला लाजतो, ते तो या चौकटीत मुकाट्याने लिहितो. त्याच्या शंकांचे इतके उघडे दर्शन पूर्वीच्या लेखकाला कधी घडले नव्हते. तेव्हा दोष वाचकाचा प्रश्न ऐकण्यात नाही. प्रश्न ऐकल्यावर आखणारा ज्या दिशेला वळतो, तिथे तो आहे.

३

एक साधे उदाहरण घेऊ. दिवाळीत अनारसे घरोघरी होतात. तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग ते निथळून कापडावर सावलीत पसरावयाचे, ओलसर असतानाच दळावयाचे, गूळ किंवा साखर मिसळून ते पीठ काही दिवस मुरत ठेवावयाचे. एवढी आठवड्याची यातायात झाल्यावर कढईत तूप तापते, खसखशीवर थापलेला पहिला अनारसा तुपात पडतो, आणि क्षणात त्याची जाळी विस्कटून तो तुपात पसरतो. आपल्या स्वयंपाकघरांत याला म्हणतात, ‘अनारसा हसला’. करणारीचा जीव थोडाथोडका होतो, कारण नवे पीठ करावयाला आता सवड नाही. ती एका हाताने गॅस बारीक करते आणि दुसऱ्या हाताने विचारते, अनारसे का हसतात?

आता ज्या आराखड्याची वर ओळख करून दिली, त्याप्रमाणे लिहिलेला लेख तिला काय देतो? अनारसे म्हणजे काय, हा पहिला मथळा. अनारशांचा इतिहास, हा दुसरा. अनारसे खाण्याचे फायदे, हा तिसरा. मग साहित्य, मग कृती, मग काही टिपा, मग वारंवार विचारले जाणारे प्रश्न, आणि शेवटी निष्कर्ष. जिच्यासमोर तूप तापले आहे, तिला अनारसे म्हणजे काय हे सांगण्यात येते! गूळ अधिक झाला किंवा पीठ सैल राहिले की अनारसा हसतो, आणि बाजूला ठेवलेली थोडी तांदळाची पिठी त्यात मळली की पीठ बहुधा सावरते, ही दोन ओळींची गोष्ट असलीच तर सहाव्या मथळ्याखाली असते. पुष्कळदा नसतेही. याचे कारण उघड आहे. मथळे परभाषेतील पानांवरून उतरवून घेतले असतील, तर तिथे अनारसा फुटतो किंवा विरघळतो. तो हसत नाही. मराठी बाईचा प्रश्न ज्या शब्दाभोवती उभा आहे तो शब्दच आराखड्यात शिरत नाही.

आराखडा मुळातच वाईट, असा याचा अर्थ घेऊ नये. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले, त्यालाही आराखडा आहेच. आधी साहित्य, मग कृती. आणि मापे वाटी-चमच्याची. परंतु हा क्रम हाताच्या कामाने ठरवून दिलेला आहे. आधी जमवावे लागते, मग करावे लागते, म्हणून आधी साहित्य आणि मग कृती. मापे वाटीची, कारण घरात वाटी आहे. हा आराखडा विषयाच्या पोटातून निघाला. पहिल्या दहा पानांवरून निघालेला आराखडा स्पर्धेच्या पोटातून निघतो. दिसायला दोन्ही मथळ्यांच्या याद्याच; पण पहिल्यात वाचणारीचा हात धरलेला असतो, तर दुसऱ्यात शेजारच्या दुकानाची पाटी पाहून आपली पाटी रंगविलेली असते.

४

या आराखड्याचा दुसरा परिणाम भाषेवर होतो, आणि मराठीच्या दृष्टीने तो अधिक चिंतेचा आहे. शोधशब्द जसाच्या तसा मथळ्यात, पहिल्या परिच्छेदात आणि उपमथळ्यांत यावा, असा संकेत असतो. ‘अनारसे रेसिपी मराठी’ हा असाच एक शोधशब्द. शोधणाऱ्याने तो घाईत लिहिला यात त्याचे काही चुकले नाही. चौकटीत कोणी व्याकरण लिहीत नाही. परंतु लेखकाने तो उचलून मथळा केला, की तीन नामे एकमेकांना न ओळखता शेजारी उभी राहतात. त्यांना जोडणारी विभक्ती नसते. मराठीचा सारा जीव तर विभक्तीत आणि सामान्यरूपात आहे. अनारसा हा शब्द वाक्यात शिरला की अनारशाला, अनारशांचे, अनारशांवर असा बदलत जातो. त्यातला ‘सा’सुद्धा ‘शा’ होतो. शोधशब्द अविकृत राखण्याच्या हट्टाने लेखक हे बदल टाळू लागतो, आणि मग ‘अनारसे हा पदार्थ’, ‘अनारसे या पदार्थाची कृती’ असली लंगडी वाक्ये पानभर चालू लागतात.

यातली विपरीत गोष्ट अशी की यंत्राला आता या हट्टाची फारशी गरज राहिलेली नाही. वाक्यातील शब्द परस्परांच्या संदर्भात वाचणारी ‘बर्ट’ नावाची पद्धत गूगलने ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रथम इंग्रजी शोधासाठी वापरात आणली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सत्तरांहून अधिक भाषांना ती लागू केली. त्यांत मराठीही होती. यंत्र विभक्ती समजू लागले, आणि आपले लेखक ती सोडू लागले आहेत.

५

मग हा आराखडा टिकून का आहे? गूगलचा तसा आग्रह आहे म्हणून, असे उत्तर बहुधा मिळते. परंतु गूगलची जाहीर मार्गदर्शने वाचली तर आश्चर्य वाटते. अमुक शब्दसंख्या आम्हांला पसंत आहे अशी समजूत करून घेऊ नका, असे तिथे स्वच्छ म्हटले आहे. मथळ्यांची कोणतीही आदर्श संख्या नाही, हेही सांगितले आहे. पानाच्या पोटात कीवर्डांची यादी दडवून ठेवण्याची जुनी रीत क्रमवारीसाठी आपण विचारात घेत नाही, हे तर २००९ सालीच जाहीर झाले होते. २०११ मध्ये, स्वस्तात पैदा केलेल्या लेखांची रास मागे ढकलणारा मोठा बदल झाला. आणि त्यानंतर लेखकांपुढे जी प्रश्नावली ठेवण्यात आली तीत, लेखात स्वतःची माहिती, स्वतःचे संशोधन किंवा स्वतःची चिकित्सा आहे काय, हा प्रश्न होता.

तरीही साचा हलत नाही, याचे खरे कारण तंत्रात नसून व्यवहारात आहे. शब्दावर मोल ठरविणाऱ्या मालकाला, आणि ज्या विषयाची ओळख नाही त्या विषयावर संध्याकाळपर्यंत लेख देणे ज्याला भाग आहे त्या लेखकाला, दोघांनाही मोजता येणारी वस्तू हवी असते. मथळे मोजता येतात, शब्द मोजता येतात; अनारसा का हसतो हे कळले की नाही, ते मोजता येत नाही. आराखडा हा त्या दोघांमधला करारनामा आहे. त्यात वाचकाची सही नाही, एवढेच. म्हणून या लेखकाला दूषणे देण्यात मला स्वारस्य वाटत नाही. तो पोटासाठी लिहितो, आणि त्याच्या हाती अपुरे हत्यार दिलेले आहे.

६

ते हत्यार कशाने पुरे होईल? याचेही उत्तर आपल्या परंपरेत सापडते. ग्रंथाचे तात्पर्य कसे ओळखावे यासाठी मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी सहा खुणा मानल्या: उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. आज बाजारात चालणाऱ्या आराखड्याला या खुणा लावून पाहाव्यात. आरंभी आणि शेवटी तोच शोधशब्द येतो, म्हणजे उपक्रम-उपसंहार साधला. मध्ये तो पुनःपुन्हा येतो, म्हणजे अभ्यास, अर्थात पुनरुक्ती, भरपूर आहे. वाचून काय मिळेल याचे आश्वासन हे फल. ‘फायदे’ नावाचा मथळा हा शुद्ध अर्थवाद, म्हणजे स्तुती. उरल्या दोन खुणा. एक उपपत्ती, म्हणजे कारणाची फोड: अनारसा का हसतो? आणि दुसरी अपूर्वता: जे अन्य मार्गाने कळले नसते, ते इथे कळले काय? ज्या पद्धतीत मुद्दे पहिल्या दहा पानांवरूनच घ्यावयाचे असतात, तीत अपूर्वतेला शिरकाव मिळणेच कठीण. दहा जणांनी जे सांगितले ते अकरावा सांगतो, आणि उद्या त्याच्यावरून बारावा आराखडा होतो.

याहून मोठी विसंगती पुढेच आहे. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना आपल्या शोधयंत्राची जी उपपत्ती मांडली, तिची प्रेरणा विद्वानांच्या ग्रंथांत एकमेकांचे हवाले देण्याची जी रीत आहे, तीत होती. ज्या पानाचा हवाला पुष्कळांनी, आणि त्यांतही मान्यवर पानांनी दिला, ते पान वरचे. पण हवाला आपण कोणाचा देतो? जे आपल्याला इतरत्र मिळाले नाही, त्याचा. म्हणजे क्रमवारीच्या मुळाशी अपूर्वताच होती! क्रमवारीसाठी केलेला आराखडा नेमकी तीच वगळून बसतो, आणि वरची जागा मागतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, आणि २०२४ पासून गूगलही कित्येक प्रश्नांची यंत्राने जुळविलेली उत्तरे निकालांच्या माथ्यावर दाखवू लागले. दहा पानांचा सारांश करून अकरावे पान लिहिणे हे ज्याचे काम होते, त्याचे काम यंत्र आता क्षणात करते. साच्याने लिहिणाऱ्याला साच्यानेच बाहेर काढले, असे म्हणून यावर हसण्यात अर्थ नाही. त्यात पोटे गुंतली आहेत. पण यातून एक निवड स्पष्ट झाली आहे. पुनरुक्तीचा भाव उतरला. कारणाची फोड आणि स्वतः पाहिलेली गोष्ट, यांना मात्र पर्याय मिळालेला नाही.

म्हणून आराखडा करूच नये, असे मी म्हणणार नाही. वाचकाचे प्रश्न गोळा करावेत, ते त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावेत, पहिली दहा पानेही वाचावीत. पण ती आपले मुद्दे ठरविण्यासाठी नव्हे, तर त्यांत काय राहून गेले ते पाहण्यासाठी. त्या राहून गेलेल्या गोष्टीसाठी यादीत पहिली जागा मोकळी सोडावी, आणि ती कोणाला तरी विचारून किंवा स्वतः करून पाहून भरावी. ती भरता आली नाही, तर तो लेख लिहिण्याची घाई करू नये. मराठीत ज्या विषयांवर अजून दहा पानेही धड झालेली नाहीत असे विषय पुष्कळ आहेत. तिथे जो पहिला लिहील, त्याच्याच मथळ्यांवरून पुढचे सारे आराखडे निघतील. आज कोणीतरी ‘अनारसे का हसतात’ एवढाच मथळा घालून खाली चार नेमक्या ओळी लिहिल्या, तर उद्याच्या यादीत निदान हसणारा अनारसा तरी येईल.