कोरेगावचा स्तंभ कसा वाचावा?
१ जानेवारी जवळ आला, की भिलाईतील आम्हां मराठी मंडळींतही भीमा-कोरेगावच्या स्तंभाचा वाद निघतो. इंग्रजांचे विजयचिन्ह जपावे कशाला, असा एका पक्षाचा सवाल. १८१८ च्या लढाईनंतर कंपनीने तो स्वतःच्या गौरवार्थ उभारला, हे खरेच. परंतु लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावेही त्यावर कोरलेली आहेत. पुढे त्याच इंग्रजी अमलात महारांची सैन्यभरती बंद झाली. आणि १९२७ साली डॉ. आंबेडकर तेथे अभिवादनास गेले. स्तंभाचा अर्थ तो उभारणाऱ्यापाशीच संपत नाही, तो असा. कंपनीची फुशारकी, भरतीबंदी आणि १९२७ ची भेट, ही तिन्ही दर्शकास तेथेच सांगितली पाहिजेत. एकही गाळले, तर वाचन अर्धेच राहील, असे आम्हांस वाटते.